पाच बटणं, एक वायर

गाडीतला जुना टेप काढून नवा बसवला की स्टिअरिंगवरची बटणं मुकी होतात. आवाज वाढवायचं बटण दाबा, पुढच्या गाण्याचं दाबा, काहीच घडत नाही. बटणं धड असतात, वायर धड असते, नवा टेपही उत्तम वाजत असतो. फक्त त्यांना एकमेकांचं बोलणं कळत नाही. मधे दुभाष्याचं काम करणारी काड्यापेटीएवढी डबी बाजारात तयार मिळते, आणि ज्याला थोडं इलेक्ट्रॉनिक्स येतं त्याला ती घरीही बनवता येते. माझ्या गाडीसाठी ती विकत घ्यावी की बनवावी यावरून बेळगुंदीत दोन माणसांत जे बोलणं झालं ते इथं देतोय. दोघांचंही म्हणणं मला महत्त्वाचं वाटतं, आणि दोघं एकाच घरातली आहेत.

एक म्हणजे मामा. अख्खी पंचक्रोशी त्यांना मामाच म्हणते. मॅटाडोर आणि ट्रॅक्सच्या काळापासून गाड्यांचं वायरिंग करतात. सोनोली, यळेबैल, राकसकोपच्या गाड्या त्यांच्याकडे येतात, आणि हद्द ओलांडून चंदगडच्याही. म्हणून त्यांच्या दारात केए 22 आणि एमएच 09 शेजारी शेजारी उभ्या असतात. दुसरी त्यांची भाची. उद्यमबागेतल्या कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकली, आता बेंगळुरूला नोकरी करते, सुट्टीला गावी आली होती.

मामा: मला आधी एवढं सांग, तयार डबी मिळत असताना तू ही करालीस कशासाठी?

भाची: तयार डबीत काय आहे ते तुम्हालाही दिसत नाही, मलाही दिसत नाही. आतल्या बोर्डावर काळा डांबरासारखा लेप ओतलेला असतो. बिघडली की फेकायची. आणि काम तरी केवढं? पाच बटणांपैकी कुठलं दाबलं ते ओळखायचं आणि टेपला त्याच्या भाषेत सांगायचं.

मामा: ते ओळखायचं कसं, हे ह्यांना सांग. गाडी ह्यांची आहे.

भाची: काका, तुमच्या स्टिअरिंगवर बटणं पाच असली तरी टेपकडं येणारी वायर एकच, आणि एक अर्थिंगची. प्रत्येक बटणाला वेगळ्या किमतीचा रेझिस्टन्स लावलेला असतो. एका दारावर पाच जण आपापल्या पद्धतीनं थाप मारतात आणि आतलं माणूस थापेवरून कोण आलंय ते ओळखतं, तसं. सोपे आकडे घेऊ. आवाज वाढवायचं बटण दाबलं तर 330 ओहम, कमी करायचं दाबलं तर 680, पुढचं गाणं 1500. डबीतली चिप त्या वायरला 1000 ओहमच्या रेझिस्टन्समधून 5 व्होल्ट देते. काहीच दाबलं नसेल तर वायरवर पूर्ण 5 व्होल्ट दिसतात. 330चं बटण दाबलं की सव्वा व्होल्टच्या आसपास, 680ला दोन व्होल्ट, 1500ला तीन. चिपला व्होल्ट कळत नाहीत, तिला आकडा कळतो, 0 ते 1023 मधला. म्हणजे हे तीन आकडे झाले 254, 414 आणि 614.

मामा: हे मी मीटर लावून रोज बघतो. तू पुस्तकातली गाडी सांगालीस. आमच्या गाडीला पाऊस लागतो.

इथं मला मधे बोलायला हवं. बेळगुंदी सह्याद्रीच्या पायथ्याच्या पट्ट्यात येते. जूनपासून पुढचे चार महिने इथं कपाटातले कपडेसुद्धा दमट लागतात, मग गाडीतल्या कपलरच्या पिना कोरड्या कशा राहतील? तांब्यावर हिरवा थर चढतो. मामांचा तो एका वाक्याचा टोमणा या सगळ्या अनुभवातून आलेला होता, आणि भाचीनं तो टोमणा म्हणून घेतला नाही. तिनं कागद ओढला.

भाची: बरोबर आहे तुमचं. बघा, पिनेवर गंज चढून 100 ओहम वाढले, तर 330चे झाले 430. आकडा 254 वरून 308 च्या जवळ गेला. आवाज वाढव आणि आवाज कमी कर यांच्या मधली हद्द मी 334 वर धरलीय. म्हणजे अजून ठीक. पण 200 ओहम वाढले तर आकडा 354. हद्द ओलांडली. तुम्ही आवाज वाढवायचं दाबलं आणि तो कमी झाला.

मामा: आणि मग गिऱ्हाईक माझ्याकडं येतं. म्हणतं, मामा, टेप खराब दिलास.

भाची: तयार डबीतही हेच होणार की.

मामा: होणार. पण तिथं मी दुसरी डबी लावून बघतो. पाच मिनिटात कळतं, दोष डबीचा की वायरचा. तुझी डबी जगात एकच. तिच्या जागी काय लावू?

मामांचा खरा आक्षेप इथं पहिल्यांदा बाहेर आला असं मला वाटतं. भाचीला डबी जमणार नाही असं ते एकदाही म्हणाले नाहीत. डबी उत्तम जमेल, आणि ती बनवणारी बेंगळुरूला निघून जाईल, ही त्यांची अडचण होती.

भाची: मग आधी हे सांगा, तयार डबी कुठल्या टेपला चालते आणि कुठल्या नाही, हे तरी दुकानदाराला सांगता येतं का? पायोनियरच्या बऱ्याच टेपना मागं हेडफोनसारखं 3.5 मिलिमीटरचं भोक असतं. त्याला पण रेझिस्टन्सच हवा, पण त्याचे आकडे वेगळे. आवाज वाढवायला सुमारे 16 हजार ओहम, कमी करायला सुमारे 24 हजार. स्टिअरिंगकडून येतात काहीशे ओहम, टेप वाट बघतोय काही हजारांची. म्हणून थेट जोडून चालत नाही. जेव्हीसीच्या बऱ्याच टेपना तर रेझिस्टन्स नकोच, त्यांना एका वायरवर रिमोटसारखे ठोके हवे असतात, ठरावीक लांबीचे, ठरावीक क्रमानं. माझ्या डबीत हे फक्त प्रोग्रॅममधे बदलायचं. उद्या काकांनी टेप बदलला तरी डबी तीच.

मामा: मी काय म्हणतो, अँड्रॉइडचा मोठा टेप बसव. त्याला मागं की-1, की-2 अशा वायरी असतातच. स्टिअरिंगची वायर त्याला जोड, पडद्यावर जा, एकेक बटण दाबून शिकव. डबीच नको. गेल्या दिवाळीपासून मी हेच बसवतोय.

भाची: काकांना पडदा नकोय.

खरंच नको होता. मी चोर्ला घाटानं गोव्याला जातो, कधी चंदगडवरून तिलारीनं उतरतो. घाटात नजर रस्त्यावरून हलली की काय होतं ते तिथल्या कठड्यांवरच्या ओरखड्यांत दिसतं. ताशी 60 किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला साडेसोळा मीटरहून अधिक जाते. पडद्यावर चिन्ह शोधायला दोन सेकंद लागले तर तेहतीस मीटर रस्ता न बघता गेला. स्वीडनच्या ‘वी बिलएगारे’ या गाड्यांच्या मासिकानं 2022 मध्ये विमानाच्या धावपट्टीवर चाचणी घेतली. ताशी 110 किलोमीटर वेगानं जाताना रेडिओ लावणं, सीट गरम करणं अशी साधी चार कामं चालकाला दिली. 2005ची जुनी, बटणांची व्होल्व्हो 10 सेकंदांत मोकळी झाली, तेवढ्यात 306 मीटर गेली. सगळ्यात मागं पडलेल्या नव्या, पडद्याच्या गाडीला 44.9 सेकंद लागले आणि ती 1372 मीटर गेली. युरोपात गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या यूरो एनकॅप संस्थेनं 2026 पासून पूर्ण गुणांसाठी इंडिकेटर, वायपर, हॉर्न यांसारख्या गोष्टींना हाताला लागणारं बटणच मागितलं आहे. हे मी दोघांना सांगितलं. मामांनी पडद्याचा मुद्दा तिथंच सोडला. त्यांच्यात हा गुण आहे, पटलं की उगाच ताणत नाहीत.

मामा: बरं, पडदा नको. मग स्टिअरिंग उघडणार तू?

भाची: नाही.

मामा: नाही म्हणजे नाही ना? कारण ते व्हिडिओ बघून पोरं काय करतात मला माहिती आहे. स्टिअरिंगच्या बरोबर मधे एअरबॅग. तिचा पिवळा कपलर. त्याच्या शेजारूनच तुझ्या बटणांच्या वायरी जातात, एकाच स्पायरल केबलमधनं. त्या पिवळ्या वायरीला कुणी मीटर लावला, तर मीटरचा स्वतःचा करंट असतो की थोडा. तेवढ्यानंसुद्धा एअरबॅग फुटू शकते. छातीवर.

भाची: म्हणूनच उघडणार नाही. बटणांची वायर टेपच्या मागच्या कपलरपर्यंत आलेलीच असते, कारण जुना टेप तिथूनच ती वाचत होता. टेप बाहेर ओढायचा, बॅटरीची निगेटिव्ह काढायची, आणि तिथंच रेझिस्टन्स मोजायचा. एकेक बटण दाबायचं, आकडा लिहायचा. स्टिअरिंगला हात नाही.

मामा: हे बोललीस ते बरं केलंस. 2019च्या जुलैपासून नव्या गाडीला ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झालीय. म्हणजे आता येईल त्या गाडीत स्टिअरिंगमधे बॅग असणार असंच धरून चालायचं. मी माझ्या पोरांना सांगितलंय, स्टिअरिंगच्या बोल्टला पाना लावायचा नाही.

भाची: आणि नव्या गाड्यांत अशी वायरच नसते कधी कधी. बटण दाबलं की कॅन बसवर निरोप जातो. बॉशनं 1986मध्ये काढलेली पद्धत. पिळलेल्या दोन वायरी, आणि त्यांच्यावर इंजिन, ब्रेक, मीटर सगळ्यांचे निरोप.

मामा: तिथं तुझी डबी लावायची नाही.

भाची: नुसतं ऐकणारी लावता येते. चिप बोलणारच नाही, फक्त ऐकेल.

मामा: प्रोग्रॅममधे एक ओळ चुकली आणि ती बोलली तर? ब्रेकचा निरोप अडला तर? नको. माझ्या दुकानात नको.

यावर ती गप्प बसली. ती गप्प बसली म्हणून मला ती अधिक विश्वासाची वाटली. माझ्या गाडीला कॅनचा संबंध नव्हता, त्यामुळे हा भाग तिथंच मिटला. तरी सांगतो, इथं मी पूर्णपणे मामांच्या बाजूचा आहे. गाण्याच्या सोयीसाठी ब्रेकच्या वाटेवर कुणाला उभं करू नये.

पण पुढचा भाग मामांचा घरचा होता आणि त्यात भाची विद्यार्थी झाली.

मामा: वीज कुठनं घेणार डबीला?

भाची: टेपच्या कपलरमधे बॅटरीची पिवळी वायर आहेच.

मामा: ती कायम चालू असते. तुझी डबी किती खाते?

भाची: आर्डुइनोचा मोठा बोर्ड लावला तर 40–50 मिलिअँपिअर.

मामा: 50 धर. दिवसाला सव्वा अँपिअर-अवर जवळजवळ. ह्यांच्या गाडीत 35ची बॅटरी. हे पंधरा दिवस मुंबईला मुलाकडं गेले, गाडी दारात उभी. आले तर बॅटरी निम्मी रिकामी. आणि बॅटरी जुनी असली तर सेल्फ उचलणारच नाही. किल्ली फिरवली की चालू होते ती लाल वायर घे, एसीसीची.

भाची: तिथून घेते. शिवाय मोठा बोर्ड फक्त टेबलावर जुळवाजुळव करायला. तो इटलीत इव्रेयाच्या डिझाइन कॉलेजात 2005 साली विद्यार्थ्यांसाठीच काढला होता, शिकायला चांगला. गाडीत आठ पायांची छोटी चिप बसवेन, एटीटाइनी 85. ती फार कमी खाते.

मामा: आणि 12 व्होल्ट म्हणतेस ते 12 नसतात, हे लक्षात ठेव. इंजिन चालू असताना 14च्या वर. सेल्फ मारताना 9वर येतात, थंडीत त्याच्याही खाली. आणि इंजिन चालू असताना बॅटरीची क्लिप ढिली झाली तर अल्टरनेटर एक असा झटका देतो, दहा-वीस नाही, त्याहून कितीतरी जास्त व्होल्टचा. तुझी 5 व्होल्टवाली चिप तिथं जळणार.

भाची: फ्यूज लावते. झटका खाणारा डायोड लावते. आणि टेपच्या बाजूला ऑप्टोकपलर, म्हणजे मधे वायर नाही, नुसता प्रकाश. चिप जळली तरी टेप वाचतो. सेल्फ मारताना चिप बंद होऊन पुन्हा सुरू झाली तरी ऑप्टोकपलर बंदच राहतो, म्हणजे आपोआप आवाज वाढणार नाही.

मामा: ह्याला मी हो म्हणतो.

मग त्यांनी तिला काळ्या टेपबद्दल सांगितलं. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डमागं इतकं तापतं की इन्सुलेशन टेपचा चिकटा वितळून वायर उघडी पडते. म्हणून तापवून आवळणारी स्लीव्ह. नुसत्या सोल्डरवर भरवसा नाही, गाडी थरथरते, वायर सोल्डरच्या कडेशीच तुटते. म्हणून सोल्डरच्या मागं वायर बांधून घ्यायची, तिच्यावर ताण येऊ द्यायचा नाही. कंपनीची मूळ वायर कापायची नाही. तिच्या कपलरला बसणारा दुसरा कपलर आणायचा आणि मधे जोडायचा, म्हणजे उद्या जुना टेप परत बसवायचा झाला तर गाडी होती तशी. हे सगळं कुठल्याही कॉलेजात शिकवत नाहीत. शिकवायला हवं, असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडं मुलांना चिप कळते आणि मिस्त्रीला वायर कळते, पण दोघं एका टेबलाशी बसायचा प्रसंग फार कमी येतो.

एकीकडं मामा इतकं मन लावून शिकवत होते, आणि दुसरीकडं त्यांचा नकारही कायम होता.

मामा: हे सगळं तू करशील. चांगलं करशील. पण मी अजून म्हणतो, तयार डबी घे.

भाची: का पण?

मामा: मी ट्रॅक्सचा डायनॅमो इथं ह्या कट्ट्यावर भरलाय. वायपरची मोटर भरलीय. रिले मिळत नव्हता तेव्हा रिले उघडून पॉइंट घासून चालवलाय. मला हातानं करायची हौस नाही असं समजू नको. पण त्या वेळी मी केलेलं काम निपाणीचा मिस्त्री उघडून बघू शकत होता. एक वायर, एक काम. वायरीच्या मागं मागं गेलं की कळायचं. तुझ्या डबीत वायरीच्या मागं गेलं तर आठ पायांची चिप लागते, आणि चिपच्या आत काय लिहिलंय ते तुझ्या लॅपटॉपमधे.

भाची: आणि तयार डबीत?

मामा: त्यात पण नाही दिसत. पण तिला पत्ता आहे.

भाची: पत्ता किती दिवस टिकतो, मामा? तळेगावला जनरल मोटर्सचा एवढा मोठा कारखाना होता, शेवरोलेची बीट तिथं व्हायची. 2017 संपताना त्यांनी भारतात गाड्या विकणं थांबवलं, 2020च्या डिसेंबरात तळेगावचं उत्पादन बंद. 2021च्या सप्टेंबरात फोर्डनं इथं गाड्या बनवणं थांबवतो म्हणून जाहीर केलं. त्यांच्या गाड्या तुमच्याकडं अजून येतात ना?

मामा: येतात की. चांगल्या गाड्या आहेत.

भाची: मग? एवढ्या मोठ्या कंपन्यांचा पत्ता हलतो, तर त्या डबीवाल्याचं काय? ज्याला आतलं काम कळतं त्याच्याच भरवशावर ती गाडी पुढं चालणार. आणि हे बेळगावात कुणाला सांगायचं? लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888मध्ये इथंच सायकलचं दुकान काढलं. परदेशी सायकली विकता विकता, दुरुस्त करता करता पुढं कडबा कापायचं यंत्र केलं, लोखंडी नांगर केला. त्यांनी पण तयार घ्यायला हवं होतं का?

मामा: किर्लोस्करांचं नाव घेतलंस ते चांगलं झालं. त्यांनी नांगर एक केला नाही. कारखाना उभा केला. लोकांना वाटायचं, लोखंडानं जमीन नासते, नांगर खपायला वर्षं गेली, तरी माणूस तिथंच होता. इथली जागा सोडावी लागली तेव्हा 1910मध्ये औंधच्या राजांनी दिलेल्या माळावर जाऊन किर्लोस्करवाडी वसवली. फाळ मोडला तर शेतकऱ्याला जायचं कुठं ते ठाऊक होतं. तू परवा बेंगळुरूला चाललीस.

यावर उत्तर नव्हतं, म्हणजे लगेच नव्हतं. दुकानासमोरून रताळ्यांनी भरलेला टेम्पो बेळगावच्या मार्केट यार्डाकडं गेला, मामांनी त्याच्या चालकाला हात केला, आणि तेवढ्यात भाचीनं कागदाची दुसरी बाजू घेतली.

भाची: मी इथं नसले तरी डबी दुरुस्त व्हायला हवी, एवढंच ना तुमचं?

मामा: एवढंच.

भाची: मग ऐका. चिप सोल्डर करणार नाही, सॉकेटमधे बसवेन. प्रोग्रॅम भरलेल्या आणखी दोन चिपा तुमच्या गल्ल्यात ठेवून जाते. बिघडली तर उपटून दुसरी बसवायची, तुम्ही तयार डबी बदलून बघता तसंच. पेटीला स्क्रू, लेप ओतायचा नाही. आणि गाडीच्या कप्प्यात आरसी बुकाच्या पाकिटात एक नकाशा. कुठली वायर कुठल्या रंगाची, कुठल्या बटणाला किती ओहम, फ्यूज किती अँपिअरचा, डबी काढून टाकायची तर कुठले दोन कपलर एकमेकांना जोडायचे.

मामा: मराठीत लिहिणार?

भाची: रंगीत पेननं वायरी काढेन आणि आकडे लिहीन. गाडी गोकाकला बंद पडली तर तिथल्या मिस्त्रीला पण वाचता आला पाहिजे, म्हापशाला बंद पडली तर तिथल्याला पण.

मामा: आणि गंजाचं? ते 354?

भाची: डबी चालू करताना एक बटण दहा सेकंद दाबून धरलं की शिकायच्या अवस्थेत जाईल. मग पाची बटणं क्रमानं दाबायची. ती नवे आकडे लिहून घेईल. पावसाळा संपला की तुम्ही हे एकदा करायचं. लॅपटॉप लागणार नाही. आणि आकडा दोन बटणांमधल्या हद्दीच्या फार जवळ आला तर ती काहीच करणार नाही. चुकीचं करण्यापेक्षा गप्प बसेल.

मामा: बटण दाबलं आणि काही झालं नाही, तर गिऱ्हाईक परत दाबतं.

भाची: दाबू दे. पण आवाज उलटा जाणार नाही.

मामा बराच वेळ त्या कागदाकडं बघत राहिले आणि मग त्यांनी विचारलेला प्रश्न मला अपेक्षित नव्हता. बटण दाबताना धातूचे पत्रे क्षणभर थरथरतात, त्याचं काय केलंस? हे त्यांना हॉर्नच्या रिलेवरून माहीत होतं. भाचीनं सांगितलं की चिप काही मिलिसेकंदांच्या अंतरानं लागोपाठ तीनदा वाचेल आणि तिन्ही आकडे जुळले तरच मानेल. मामा म्हणाले, ठीक आहे.

मी तेव्हा माझा निर्णय दिला, डबी बनवायची. माझं कारण साधं होतं. तयार डबी घेतली असती तर माझ्या गाडीत गाणी लागली असती. ही बनवली तर मामांच्या दुकानात एक विद्या येणार होती, जी आज तिथं नाही आणि जिच्यावाचून येत्या दहा वर्षांत हे दुकान चालणं अवघड आहे. गाड्यांत चिपा वाढतच जाणार. त्या उघडून समजून घेणारी माणसं जर फक्त बेंगळुरू-पुण्यात राहिली, तर बेळगुंदीच्या मिस्त्रीला वाईट डबी काढून चांगली डबी लावणं एवढंच काम उरेल. ज्या माणसानं डायनॅमो भरलाय त्याचं हे असं होणं मला बघवणार नाही.

मात्र मामांनी एक अट घातली आणि ती मला शंभर टक्के योग्य वाटते. एक पावसाळा जाईपर्यंत दुसऱ्या कुणाच्या गाडीला ही डबी लावायची नाही. भाचीला तिथल्या तिथं दहा डब्या कराव्याशा वाटत होत्या. पुण्याला बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ सगळे सुटे भाग एका फेरीत मिळतात, बेंगळुरूत एस. पी. रोडला त्याहून सहज. मामा म्हणाले, भाग मिळतात म्हणून विकायचं नसतं. विकलं की जबाबदारी आपली. उद्या वायर शॉर्ट होऊन डॅश पेटला तर विमा कंपनी आधी हेच विचारणार, बाहेरचं काय जोडलं होतं. ती म्हणाली, मग नकाशा तरी बाकीच्या मिस्त्रींना फुकट देते. त्याला त्यांची हरकत नव्हती, फक्त त्यावर एअरबॅगची ताकीद सगळ्यात वर, लाल अक्षरात हवी.

शेवटचा वाद पाचव्या बटणाचा.

मामा: फोनचं बटण जोडायचं नाही.

भाची: उलट तेच जोडायला हवं. फोन वाजला की लोक खिशात हात घालतात. हातात फोन घेऊन चालवणं 2019च्या दुरुस्तीपासून कलम 184खाली धोकादायक चालवण्यात धरलंय. बटण असलं तर निदान हात स्टिअरिंगवर राहतात.

मामा: हात राहतात, डोकं राहत नाही. तिलारीच्या वळणावर फोनवर बोलणारा माणूस मी बघितलाय. दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.

भाची: म्हणजे बोलणारा बोलणारच. बटण नसलं तर हातात धरून बोलेल.

मामा: मग फोन बंद करायचं बटण दे. उचलायचं नको.

भाची: टेप दोन्हीला एकच निरोप घेतो, मामा. वाजत असताना दाबलं तर उचलतो, बोलताना दाबलं तर ठेवतो.

इथं दोघांचं जुळलं नाही आणि मलाही एकाची बाजू घेता आली नाही. भाचीचं म्हणणं माणसं जशी आहेत तशी धरून होतं, मामांचं त्यांनी काय केलं पाहिजे ते धरून. गाडी माझी असल्यामुळे मी माझ्यापुरतं सांगितलं. घाटात मी फोन उचलत नाही, मला ते बटण नको. त्यामुळे चार बटणं चालू झाली, आवाजाची दोन, गाणी पुढं न्यायचं एक आणि आवाज एकदम बंद करायचं एक. पाचव्याचा रेझिस्टन्स भाचीनं तरीही मोजून नकाशावर लिहिला. टेपच्या बाजूनं त्याची वायरही तिनं ओढून ठेवली आहे, टोकाला स्लीव्ह घालून. पुढच्या मालकाला हवं असेल तर मामांनी ती जोडून द्यावी असं तिचं म्हणणं आहे, आणि मामांनी अजून त्याला होकार दिलेला नाही.